सहा वर्षांच्या पोरीच्या उंचीवरून

जळालेल्या मोटारीचा वास मला लांबून कळतो. माणूस ट्रॅक्टरमधून मोटार उतरवायच्या आत मी सांगायचो, "पावणं, एक फेज गेलाय," आणि उघडून बघितलं की तसंच निघायचं. जेऊरला स्टेशनच्या रस्त्याला माझं पाण्याच्या मोटारींच्या वाइंडिंगचं दुकान होतं. चाळीस वर्षं चालवलं. शिक्षण चौथी. पाचवीत मास्तरांनी दुसऱ्याच्या चुकीसाठी मला उन्हात उभं केलं, तसा मी दप्तर उचलून घरी आलो. मास्तरांनी दोनदा निरोप धाडला. गेलो नाही म्हणजे नाही. स्वभावच तसा.

दिवाळी अंकवाल्यांनी धंद्यातले अनुभव लिहायला सांगितलेत. शुद्धलेखन त्यांनी बघावं, बाकी मजकुराला हात लावू नये, असं मी त्यांना आधीच बोललोय.

ज्यांनी मोटार उघडी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटारीच्या पोटात लोखंडाचं एक कडं असतं, त्याला आतून खाचा असतात, आणि त्या खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. जळालेली तार काढायची, वेढे मोजायचे, तारेची जाडी मोजायची, आणि तेवढेच वेढे, तेवढ्याच जाडीचे, नवे भरायचे. वेटोळं बाहेर येऊ नये म्हणून खाचेच्या तोंडाला बांबूची पातळ पट्टी ठोकायची. मग वॉर्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजायचं. झालं काम. ह्याला डोकं थोडं कमी चालतं, इमान जास्त लागतं. मोटार एकदा बंद केली की आत काय घातलंय ते गिऱ्हाइकाला दिसत नाही.

म्हणून गिऱ्हाईकही नमुनेदार असायचं. एक म्हातारबाबा भाकरी बांधून यायचा आणि काम होईपर्यंत आपल्या मोटारीशेजारी मांडी घालून बसायचा. तारेचा बोटभर तुकडा खाली पडला तरी उचलून खिशात घालायचा. मी म्हणायचो, "बाबा, माझ्यावर इस्वास न्हाय का?" तर म्हणायचा, "तुमच्यावर हाय की. तांब्यावर न्हाय." एकाच्या मोटारीत बेडूक निघाला, तोही जिवंत. तो गडी म्हणाला, "मालक, ह्याला परत आत ठेवा, ह्यो आल्यापासनं पाणी चांगलं पडतंय."

माझ्या हातची मोटार आठ-आठ, दहा-दहा वर्षं उघडावी लागत नव्हती. हे मी फुशारकीनं लिहितोय आणि खरं आहे म्हणून लिहितोय. एकच मोटार सोडून. ती माझ्या मेव्हण्याची होती.

माझं घर उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावरच्या गावात. बायकोचं माहेर बरोबर समोर, पाण्याच्या पलीकडं. मधी नुसतं पाणी. सकाळी ऊन पडलं की तिकडच्या काठावरच्या केळीच्या बागा हिरव्या रेघेसारख्या दिसतात. सडकेनं जायचं तर सगळा वळसा, अर्धा दिवस जातो. होडीनं गेलं तर चहा प्यायला जाऊन जेवायच्या टायमाला परत. धरण आलं तेव्हा त्यांचं घर टेकाडावर होतं म्हणून वाचलं. तिच्या आज्यानं बांधलेलं दगडमातीचं घर, पुढं मोठं अंगण.

मेव्हण्याचं नाव दत्तू. बायकोचा पाठचा भाऊ. तिचं नाव इंदू, पण तो तिला अक्का म्हणतो आणि मला दाजी. वीस वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात त्याची पाच हॉर्सची मोटार जळाली आणि त्यानं ती होडीत घालून माझ्याकडं आणली. केळी घडाला आलेली. "दाजी, उद्याच्याला पायजे," म्हणाला. त्या मोटारीला एकोणीस नंबरची तार होती. माझ्याकडं एकोणीस संपलेली, वीस नंबर शिल्लक. आमच्यात आकडा वाढला की तार बारीक होते. एकोणीस आणायला सोलापूरला जावं लागणार, म्हणजे दोन दिवस. मी म्हणलं, एका नंबरानं काय होतंय, घरचंच काम आहे. भरली वीस. दत्तूला सांगितलं नाही.

नवव्या दिवशी मोटार जळाली. बाग वाळली. दत्तू चार माणसांत म्हणाला, "दाजींनी काम कच्चं केलं." मी त्याच्या अंगणात उभा राहून ओरडलो, "तुज्या वस्तीवर व्होल्टेज न्हाय, त्याला मी काय करू? चाळीस गावांत माझ्या कामाला नाव ठिवनारा तू पयला. ह्या उंबऱ्यात परत पाय ठिवला तर बापाचं नाव लावनार न्हाय." मोटार तिथंच उघडून ठेवलेली, सगळी कॉइल एकसारखी काळी पडली होती. तशी ती कमी व्होल्टेजनं पडते आणि बारीक तारेनंही पडते. बघून कुणालाच फरक सांगता आला नसता, मला सोडून.

माझा पाय थांबला, तशी इंदूही थांबली. मी तिला कधी "जाऊ नको" म्हणलं नाही, हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण ती पिशवी भरायला लागली की मी जेवायचा थांबायचो. दोन-तीनदा असं झाल्यावर तिनं पिशवी भरायची सोडली. लोकांना म्हणायची, "माज्या नवऱ्याचं काम खोटं नसतंय. भावानं तसं बोलायला नको व्हतं." वीस वर्षं हेच. सासूबाई गेल्या तेव्हा बाराव्यालाही गेली नाही. त्या दिवशी सकाळपासून पाण्याकडं तोंड करून गहू निवडत बसली होती. संध्याकाळपर्यंत तेच गहू.

दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण नीट बसता येईना. मी दुकान बंद केलं आणि घरी आलो. डॉक्टरांनी सांगितलं, गाडीचे हादरे नकोत, आणि होडीत चढायचा तर प्रश्नच नाही. मग ती बोलायला लागली. आधी इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती. खिडकीतून पाणी दिसायचं. त्याकडं बघत म्हणायची, "आमच्या दारातलं लिंबाचं झाड असंल का वो अजून?" मी म्हणायचो, असंल की. "हौद?" असंल. "एकदा बघायला मिळालं असतं."

आता मी अडवलं नसतं, तर तिला जाता येत नव्हतं. दत्तूला फोन लावून "मोबाइलवर घर दाव" म्हणलं असतं, तर पाच मिनिटांचं काम. कुणीही ते केलं असतं. मी फोन लावला नाही.

त्याच सुमाराला संतोष आला. संतोष लग्नाचं शूटिंग करतो, जेऊरला त्याचा स्टुडिओ आहे. हातात करंगळीच्या पेराएवढी एक मोटार घेऊन घरी आला. म्हणाला, "काका, ही ड्रोनची मोटार जळालीय. हिला वाइंडिंग होतंय का?"

मी चष्मा पुसून बघितलं आणि हसूच आलं. तीच खाचांची रांग, तीच वेटोळी, तीन वायरी बाहेर. आपली तीन फेजची पाण्याची मोटारच, बाटलीच्या बुचाएवढी केलेली. उलटी फिरायला लागली तर तीनपैकी दोन वायरी अदलाबदल करायच्या, तेही तसंच. मी केसासारख्या तारेनं ती भरून दिली. चार दिवस डोळ्यांतून पाणी गळत होतं. संतोषनं ड्रोन अंगणातून वर नेलं आणि त्याच्या हातातल्या पडद्यावर मला माझं घर, गोठा, पाणी, सगळं दिसलं. मी पलीकडच्या काठाकडं बघितलं.

मी म्हणलं, "संत्या, हे करायला काय काय लागतंय?"

"विकत घ्या की काका. तयार मिळतंय."

"मी विचारलं, करायला काय लागतंय."

बाजारातलं यंत्र पडलं, मोडलं, तर मी कुणाकडं बघू? मला माझ्या हातचं पाहिजे होतं. संतोषनं सांगितलं ते ज्यांना सुरुवात करायची त्यांच्यासाठी लिहितो. चार मोटारी, प्रत्येकीवर एक पंखा, दोन एका अंगाला फिरणाऱ्या, दोन उलट्या, नाहीतर यंत्र स्वतःभोवती गरगरा फिरतं. त्यांचा वेग कमी-जास्त करणारी पट्टी. कलंडलेलं ओळखून सावरणारी एक पाटी, तिला यंत्राचा मेंदू म्हणा. बॅटरी, कॅमेरा, हातातला रिमोट आणि त्यावर चित्र दिसायचा पडदा. आणि हे सगळं जिच्यावर बसतं ती चौकट. वजन पाव किलोच्या आत ठेवायचं, त्याच्या वर गेलं की सरकारी नियम वाढतात. कॉम्प्युटरचं काम संतोषनं केलं. बाकी हात माझे.

पहिलं यंत्र मी माझ्या पद्धतीनं केलं, म्हणजे टिकाऊ. चौकट लोखंडी पट्टीची, कोपऱ्यांना वेल्डिंग. वर चौकटीला वॉर्निशचे दोन हात. मोटारी नव्या होत्या, तरी बाहेरच्या कामाचा भरवसा नाही म्हणून चारही वॉर्निशमध्ये बुडवून भाजून काढल्या. दोन तिथंच जाम झाल्या. त्यांच्यात चुंबक आणि तांब्यामधी कागदाएवढी फट असते, तिच्यात वॉर्निश जाऊन बसलं. ते खरवडून काढलं, यंत्र अंगणात ठेवलं, रिमोट दाबला. अंगणातली सगळी धूळ उठली. शेजारची म्हैस दावं तोडून गेली. यंत्र मात्र जागचं हाललं नाही.

संतोष बघत होता. म्हणाला, "काका, ह्याला आता पाइप जोडा. पाणी तरी वढंल."

मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नाही.

पण बोलला ते खोटं नव्हतं. माझ्या धंद्यात टिकायचं म्हणजे जाड व्हायचं, जड व्हायचं. ह्यात जड यंत्र पडतंही जोरात. मग मी मोटारीच्या कामातलीच फायबरची पाटी घेतली आणि करवतीनं चौकट कापली. चौकटीला मोटारी धरणारे चार हात जोडताना लोखंडी स्क्रूच्या जागी नायलॉनचे वापरले. आपटलं की आधी स्क्रू तुटतो, हात वाचतो. स्क्रू बदलायला दोन मिनिटं लागतात. मी चाळीस वर्षं काही तुटू नये म्हणून झटलो, आणि म्हातारपणी तुटायची जागा ठरवून ठेवायला शिकलो. कॅमेऱ्याखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, त्यानं चित्र थरथरत नाही. बॅटरी कधी पेट घेते, म्हणून मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज करायची आणि तिथून हलायचं नाही. फुगली तर वापरायची नाही, जीव कितीही हळहळला तरी. हे सगळं चुकून चुकून कळलेलं आहे.

इंदू खाटेवरून बघायची. "कशाला वो हे?" तिनं एकदा विचारलं. मी म्हणलं, "तुजं माहेर दावतो." तिनं पदर तोंडाला लावला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

मासे धरणाऱ्यांच्या होडीतून मी पलीकडं गेलो. दत्तूच्या घरापासून लांब रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, पाय सरकारी जमिनीवर. यंत्र वर नेलं, घरावर एक फेरी मारली, परत आलो. एवढं चांगलं चित्र की पत्र्यावरचे दगड मोजावेत. घरी आल्यावर संतोषनं ते टीव्हीला जोडून दिलं. इंदूच्या पाठीला उशा लावल्या. मी छाती काढून उभा.

ती बघत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "हे कुणाचं घर?"

"तुजं! तुज्या बापाचं!"

"व्हय?" ती पुढं झुकली. "पत्रं हायत की. ते झाड कसलं?"

"लिंब. तुजा लिंब."

"वरनं कसा वळखायचा लिंब?" मग माझं तोंड बघून हलक्या आवाजात म्हणाली, "चांगलं हाय. पर आमचं घर वरनं कुनी बघितलंय? घारीनं बघितलं असंल. मी हौदापासनं पळत यायची. दावणीच्या कडंनं, गुरांच्या शेपट्या चुकवत. मग दार. दार ठेंगणं हाय, मोठी मान्सं वाकायची, मी न्हाय. आत डावीकडं जातं, जात्याच्या वर देवळी, तिच्यात माझं सागरगोटं." तिनं खाटेच्या बाजूला हात धरला, तळवा खाली करून. "सहा वर्सांची व्हते, डोळं एवढ्यावर. हितनं बघत यायची."

मी फूटपट्टी आणून तो हात मोजला. तीन फुटाला थोडा कमी.

उंच उडवणं सोपं असतं. वर काहीच नसतं आपटायला. तीन फुटावरून अंगणातून जायचं म्हणजे गुरं, कोंबड्या, दोऱ्या, खुंटे, आणि शेवटी दार. पंखा कशालाही लागला की खेळ खलास. पंख्यांना भोवतीनं कडी पाहिजे होती, आणि कड्यांचं वजन पाव किलोत बसत नव्हतं. प्लास्टिकची केली, तडकली. तारेची केली, वाकून पंख्यात गेली. शेवटी माळ्यावर दुकानाचं सामान होतं त्यात बांबूच्या पट्ट्या सापडल्या, खाचेत ठोकायच्या. पाण्यात भिजवून, चिमणीच्या धगीवर वाकवून चार कडी केली, दोऱ्यानं बांधली, त्यावर मात्र वॉर्निशचा एक हात दिला. भिंतीला धडकलं की बांबू दबतो आणि यंत्राला मागं ढकलतो. संतोषनं हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, "काका, हे मला एक करून द्या." एवढं बोलला ते पुरे होतं मला.

दोन महिने सराव केला. रोज सकाळी आमच्या अंगणात तीन फुटावरून. खुंट्याला, तुळशीला, शेजारणीच्या बादलीला, सगळ्यांना धडकून झालं. इंदू खाटेवरून सांगायची, "आजून खाली. मी एवढी न्हवते उंच."

उन्हाळा सरता सरता एका सकाळी परत गेलो. दत्तू त्या वेळेला बागेत असतो, असं होडीवाल्याकडून कळलं होतं. ह्या खेपेला अंगणाच्या काट्यांच्या कुपाटीबाहेर उभा राहिलो. न विचारता दुसऱ्याच्या दारात असं डोकावणं बरं नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा एवढंच डोक्यात की माझा पाय आत पडत नाही, म्हणजे माझा शब्द राहतो.

यंत्र हौदाजवळ उतरवलं, तीन फुटावर आणलं, सोडलं. पडद्यावर हौदाची शेवाळलेली कड गेली. कोंबड्या फाकल्या. दावणीला चार जनावरं, त्यांच्या शेपट्यांच्या बाजूनं नेलं. दार आलं. खरंच ठेंगणं. न वाकता आत गेलं. डावीकडं वळवलं. जातं होतं! जात्याच्या वर देवळी होती, काळी पडलेली, तिच्यात मोबाइलचा चार्जर. आणि तेवढ्यात आतून कुणीतरी पायानं ढकलल्यागत झालं आणि यंत्र खाली.

पडद्यावर दोन पावलं आली. भेगाळलेली, म्हातारी. मग पडदा काळा झाला.

दत्तू यंत्र हातात घेऊन ओट्यावर आला. सगळे केस पांढरे झालेले. वीस वर्षांत मी त्याला लांबून बाजारात दोनदा बघितला असेल.

"दाजी, हे तुमचं?"

"व्हय."

"मग घिऊन जावा की."

"हितं आणून दे."

"मी कशाला आणू? लात मी मारली, म्हणलं साप-किरडू हाय. पर पडलं माझ्या घरात. या आत, न्हायतर ऱ्हाऊ द्या. कोंबड्या अंडी घालतील त्यात."

"मी काय बोललोय ते ठाऊक हाय तुला."

"ठाऊक हाय. माझं कान शाबूत हायत." असं म्हणून तो ओट्यावर बसला आणि यंत्र मांडीजवळ ठेवलं. तंबाखू मळायला घेतली.

मी कुपाटीबाहेर. ऊन चढायला लागलं. तो बोलेना, मी हालेना. किती वेळ गेला सांगता येत नाही. त्यानं तंबाखू खाल्ली, थुंकली, परत मळली. मला यंत्राचं काही नव्हतं, दुसरं करता आलं असतं. पण त्यात कार्ड होतं, आणि कार्डात हौदापासून देवळीपर्यंतची वाट होती. घरी ती उशा लावून बसलेली असणार.

मी कुपाटीचं फाटक सरकवून आत गेलो.

दत्तू उठला नाही. थोडा बाजूला सरकला, मला बसण्यापुरता. मी बसलो. तो म्हणाला, "अक्का कशी हाय?"

मी म्हणलं, "दत्तू, तुज्या मोटारीत मी एकोणीसच्या जागी वीस नंबर तार घातली व्हती."

हे मी ठरवून गेलो नव्हतो. त्यानं अक्काचं विचारलं आणि दुसरं काही तोंडात आलंच नाही.

दत्तू म्हणाला, "ठाऊक हाय मला. जळाल्यावर नातेपुत्याला निऊन परत भरून घेतली. त्या कारागिरानं तार मोजून दावली."

"मग इतकी वर्सं बोलला का न्हाईस?"

"कुणाला बोलू? अक्काला? तिला तुमच्यापशी नांदायचं व्हतं की." तो यंत्राचं बांबूचं कडं बोटानं फिरवत होता. "आई ईचारायची, अक्का का येत न्हाय. मी म्हणायचो, तुज्या जावयाचा राग मोठा. मरस्तवर ईचारत व्हती."

त्यानं पाणी आणलं. मी ते प्यायलो.

माझ्या हातातला पडदा काळा झाला तरी कॅमेरा सगळा वेळ चालू होता आणि कार्डात भरत होता, हे मला होडीत कळलं. छोटा लाल दिवा लुकलुकत होता. पंखे फिरताना त्यात नुसती घरघर भरते. पंखे थांबले की माणसाचं बोलणं स्वच्छ येतं. पाण्याच्या मधोमध मी तो दिवा बघत बसलो. संतोषला सांगितलं असतं तर देवळीपर्यंतचं ठेवून पुढचं काढून टाकणं त्याला अवघड नव्हतं. कार्डच हातातून पाण्यात पडलं असं सांगितलं असतं तरी तिनं विश्वास ठेवला असता. तिनं माझ्या सगळ्याच बोलण्यावर ठेवला.

मी तसंच नेऊन लावलं.

हौद आला आणि तिचा हात आपोआप वर झाला, काहीतरी धरायला गेल्यागत. "हां. हां. आता डावीकडं दावण. कोंबडं बघा, कसं पळतंय!" तिचा श्वास जोरात चालला होता, खरंच पळत असल्यासारखा. दारातून आत गेलं तेव्हा तिनं मान वाकवली नाही. देवळी आली आणि ती हसली. चार्जर बघून तर मोठ्यानं हसली. मग यंत्र पडलं. दत्तूची पावलं दिसली. "आगं बाई," ती म्हणाली, "ह्येचं पाय बाबांसारखं झालं की."

मग दत्तूच्या धोतराचा काठ आणि आभाळाचा एक तुकडा एवढंच चित्र, आणि आमची बोलणी.

ती ऐकत होती. मी उंबऱ्यात उभा होतो. सगळं संपल्यावर म्हणाली, "परत लावा." मी परत लावलं. पुन्हा म्हणाली, "परत." तिसऱ्या वेळेला तिनं फक्त शेवटचं ऐकलं, आईचं.

"मी बाराव्याला गेले न्हाय," ती म्हणाली. एवढंच. माझ्याकडं बघितलं नाही. त्या दिवशी मी वाढलेलं ताट तिनं बाजूला सारलं, आणि पुढं बरेच दिवस लागेल तेवढंच बोलली. पाणी द्या. गोळी द्या. खिडकी उघडा.

पंचमीच्या आधी दोन दिवस दत्तू आला. पुतण्याची गाडी घेऊन, सडकेनं, सगळा वळसा घालून. डोक्याला नवा फेटा. लेकीबाळींना सणाला न्यायला जसा भाऊ मुराळी येतो, तसा. चौसष्ट वर्षांचा मुराळी. गाडीच्या मागच्या शिटावर दोन गाद्या अंथरून आणल्या होत्या. मी डॉक्टरांचं सांगितलं, हादऱ्याचं सांगितलं. इंदू म्हणाली, "मोडलेलंच हाय, आजून काय मोडंल?" मी माझी पिशवी भरायला घेतली. तिनं खाटेवरूनच बघितलं.

"तुमी कुटं?"

"येतो की बरुबर."

"पंचमीला बाई नवऱ्याला घिऊन जाती व्हय माहेराला?" म्हणाली. "तुमी ऱ्हावा हितंच. मी जाते."

दत्तूनं आणि पुतण्यानं तिला उचलून गाडीत निजवलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मी पाण्याकडच्या अंगाला येऊन बसलो.

पंचमी झाली, पोळा झाला, गौरी-गणपती येऊन गेले. हे लिहीत असताना ती अजून तिकडंच आहे. संतोष येतो, आम्ही त्याच्यासाठी एक यंत्र करतोय, बांबूची कडी चांगली जमलीत. माझं मी भाकरी थापतो, वाकडीतिकडी होते. सकाळी ऊन पडलं की पलीकडची हिरवी रेघ दिसते आणि मी ती संपेपर्यंत नजर फिरवतो. यंत्र घेऊन काठावर गेलो होतो एकदा. एवढं लांब ते जात नाही. गेलं असतं तरी धाडलं नसतं. तिला विचारल्याशिवाय आता नाही.

काल मीच फोन लावला. दत्तूनं उचलला आणि तिच्याकडं दिला. मी म्हणलं, "कधी येतीस?"

"आजून बघून व्हायचंय माझं," ती म्हणाली.

"किती दिस बघनार?"

"वीस वर्सांचं हाय. आठ-पंधरा दिसांत कसं व्हईल?"

मी बरं म्हणलं. ती फोन ठेवील म्हणून थांबलो. तिनं ठेवला नाही. काही बोललीही नाही, नुसता बाजूला ठेवला असावा. तिकडं कोंबड्या ओरडत होत्या. कुणीतरी हौदावर कळशी आपटली. एक वासरू हंबरलं आणि ती त्याला काहीतरी म्हणाली, लाडानं, मला शब्द कळले नाहीत. मी फोन कानाला तसाच धरून ऐकत बसलो.